काटा चढेपर्यंत

ढगातली वीज मोजणाऱ्या यंत्राचा काटा शून्यावर लोळत होता, आणि तो बघताना फोशरांना जुन्या विद्यार्थिनीचं, ओदीलचं, पत्र आठवलं— इस्टरला आलेलं, अजून अनुत्तरित. ‘सर, मी थांबा म्हणते तेव्हा संचालक हसतात. रॉकेटं वाया जातात आणि ठपका माझ्यावर. चूक माझी नव्हती, एवढं लिहून द्याल? नाहीतर या उन्हाळ्यानंतर मला काढतील.’ उत्तराचे किती मसुदे केले... निवृत्त माणसाचं एकही वाक्य धड उभं राहीना. आणि आता तीच समोर, यंत्रापाशी; पत्राचा विषय काढत नव्हती, हे जास्त वाईट.

पलीकडच्या डोंगरावर नुकतीच वीज कोसळली होती. पाहुणी आलेल्या, जिल्ह्याच्या प्रीफेक्टच्या बायकोनं टाळ्या पिटल्या.

“बघा, आभाळ रंगात आलंय!” संचालक ब्रॉसिए म्हणाले. “सोडू या!”

“साहेब, ढग आत्ताच रिकामा झालाय. काटा परत चढू द्या,” ओदील म्हणाली.

“अगं बाई, पाहुण्यांना भुका लागल्यात. तुझ्या काट्याला लागते का भूक?”

सगळे हसले. आभाळाला वेटरसारखी चुटकी वाजवणारा हा माणूस— गुबगुबीत बोटांनी त्यानं रॉकेट सोडायचा रबरी फुगा दाबला, नळीतून हवा गेली, त्या दिवसाचं शेवटचं रॉकेट सुटलं, मागे तांब्याची केसाएवढी तार उलगडत वर, वर... याच तारेवरून वीज खाली उतरायची, मोजून घ्यायची. ढगानं ढुंकूनही पाहिलं नाही. तार गाईंच्या कुरणात भुरभुरत पडली. पाहुण्यांनी तरीही टाळ्या वाजवल्या. यांना फटाका पुरतो.

“ओदीलबाईंच्या यंत्राचा घोळ, दुसरं काय!” ब्रॉसिए वळले. “काय फोशरां, तुमच्या वेळीही यंत्रं अशीच दगा द्यायची ना?”

नाही. आम्ही थांबायचो. तासन्‌तास, भिजत... “हो, म्हणजे... कधी कधी,” मी म्हणालो. मीच, फोशरां.

मंडळी मसूर आणि सॉसेजवर तुटून पडली. ब्रॉसिएच्या हनुवटीवर रस्सा. तिकडे काटा हळूहळू चढत पार टोकाला टेकला.

“सर, आता,” ओदील हलकेच म्हणाली. सोडायला रॉकेट उरलं नव्हतं.

गावात उतरेपर्यंत फोशरां ब्रॉसिएला मनातल्या मनात सोलत राहिले— ढेरी, टाय, ते हसणं— वर्षानुवर्षं किती स्वस्तात चाललं होतं हे. तुच्छतेखाली सही करावी लागत नाही. पोस्टातल्या बाकावर त्यांनी ओदीलनं मागितलं होतं ते लिहिलं: ‘घाई ब्रॉसिएंची होती. ओदीलनं थांबा सांगितलं, ते बरोबर होतं. मी तिथं होतो आणि खोटं बोललो.’ भाषा भिकार होती. शेवटचं वाक्य खोडावंसं वाटलं, खोडलं नाही. पाकीट पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं, त्याची कड ओलसर बोटांना लागत राहिली... ब्रॉसिएचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहिला, तर तो नीटसा येईना. मग बोटं सोडली.