निळी रेघ

आमच्या यांना, म्हणजे रखमाजींना, बाभळीचा काटा पोटरीत घुसला तो शुक्रवारी. रविवारी सकाळी धोतर नुसतं वर घेतलं तरी ओरडले. लाली तळहाताएवढी, पण दुखणं साऱ्या घराला पुरेल एवढं. त्यात साखरेचा आजार. गोळ्या फडताळात पडून, कारण हे विसरायचे.

"डाग देऊ. मेंढराची सूज डागानंच उतरती," म्हणत यांनी सळई चुलीत सारली.

"तुमी काय मेंढरू हाय?"

"मग कोण हाय?"

"मेंढरू ऐकतं तरी."

आता मेंढ्या दहाच उरल्यात, पण त्यांच्या पाठीवर खूण करायचा निळा रंग घरात असतोच. तो आणून मी लालीच्या कडेनं काडीनं रेघ ओढली.

"ही हद्द. माझ्या भाकरी होईस्तोवर लाली आत राहिली, तर द्या डाग. भाईर पडली, तर दवाखाना. कबूल?"

"कबूल, सखू."

डाग मी काही देऊ देणार नव्हते. पण ते आधी कशाला सांगा.

पाच भाकरी झाल्या. लाली रेघ ओलांडून दोन बोटं वर चढली होती. जन्मभर मेंढ्या राखलेला माणूस तो. हद्दीबाहेर गेलं म्हणजे काय, हे मला सांगावं लागलं नाही. सळई त्यांनीच ओढून राखेत खुपसली.

पुतण्याच्या, साहेबरावच्या पिकअपमधून शिरूर गाठलं.

"ही रेघ कधीची?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आठची."

घड्याळात साडेनऊ. लाली गुडघ्याला टेकली होती.

"आत मांस सडतंय. आत्ताच उघडून काढायला हवं. उद्याचं मी सांगू शकत नाही."

तासाभरात यांना आत नेलं. नंतर आणखी दोनदा सडकं काढलं, सुया टोचून साखर आवरली, मांडीची कातडी पोटरीला लावली. बाई म्हणाल्या, "वेळेत आलात म्हणून पायासकट वाचले."

सातव्या आठवड्यात हे फाट्यावर एसटीतून उतरले. साहेबराव गाडी घेऊन हजर.

"बसा, आप्पा."

"कशाला? पाय हाय की!"

लंगडत, पण दोन्ही पायांवर, घरापर्यंत चालले. मेंढ्यांनी एकच कालवा केला. आत येऊन यांनी आधी फडताळ उघडलं, गोळी तळहातावर घेतली.

"भाकर टाक गं. जेवायच्या आधी घ्यायची असती ही."

मी यांच्याकडे पाठ करून पीठ मळायला बसले. त्या दिवशी पीठ जरा सैलच झालं.