जगदेवी नावाचं फोल्डर

सोमवारी सकाळी नांदेडच्या तरोडा नाक्याजवळच्या एका भाड्याच्या घरात फोडणीचा ठसका उठला होता. लातूरहून सासू-सासरे आले की जगदेवी न चुकता मुरमुऱ्यांची सुशीला करायची, कारण सासरे शरणप्पांना पोहे आवडत नसत आणि उपमा त्यांच्या मते आजाऱ्याचं खाणं होतं. मुरमुरे भिजवून पिळून ठेवले होते. एका हातात उलथणं आणि दुसऱ्या हातात मोबाइल धरून ती स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होती. मोबाइल सारखा थरथरत होता.

“शिवानी, दही असंल तर आण बाई वाटीभर,” सासूबाई उमाबाई बाहेरून म्हणाल्या.

शिवानी म्हणजे तीच. आठ महिन्यांपूर्वी लग्नात ताटात तांदूळ पसरले, श्रीशैलने अंगठीच्या टोकाने त्यात ‘शिवानी’ असं लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटोवाल्याने ताट तिरकं धरायला लावून दोनदा फोटो काढला. शिरूर अनंतपाळच्या माणिकप्पांची इंजिनिअर झालेली लेक जगदेवी त्या दोन मिनिटांत संपली. तिला कुणी विचारलं नाही. विचारायचं असतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही, अगदी तिच्या बापाच्यासुद्धा. उलट बायका म्हणाल्या, जगदेवी म्हणजे फारच जुनाट, शिवानी कसं गोड आहे. गोड तर होतंच. आपल्याकडे बाईचं काही काढून घ्यायचं झालं, की आधी हातावर साखर ठेवतात.

घरात हाक मारण्यापुरतं नाव तिने सोसलं. पण शरणप्पांचं तेवढ्यावर भागेना. लातुरात त्यांचं भांड्यांचं दुकान, गावभर ओळख. “पत्रिकेत शिवानी, देवापुढं शिवानी अन् आधारकार्डावर जगदेवी, लोक हसून राहिलेत,” असं ते दर फोनला म्हणत. महिनाभर धुसफूस चालली. शेवटी श्रीशैल म्हणाला, “तू निदान ऑफिसात तरी बदलून घे. आप्पा जरा गप बसतील.” तो ज्युनिअर कॉलेजात शिकवायचा, माणूस वाईट नव्हता, पण घरात शांतता राहावी म्हणून दरवेळी बायकोनेच गप्प बसायचं असतं अशी त्याची सोयीस्कर समजूत होती. तिने ऑफिसचा अर्ज भरला. गेल्या शुक्रवारी तिथे तिचं नाव बदललं.

आणि आप्पा गप्प बसले नाहीत. ते रविवारी राजपत्राचा फॉर्म घेऊनच आले. एकदा राजपत्रात छापून आलं, की आधार, पदवी, पासपोर्ट, सगळीकडे शिवानी. आज चारच्या आत तिची सही हवी होती.

“दुपारी मोकळी व्हशील नं?” शरणप्पांनी ताटलीवरून मान वर न करता विचारलं. “सेतू केंद्रावरच्या माणसाला सांगून ठिवलंय. पाचच्या बसनं आम्ही निघणार.”

“बघते, मामा. ऑफिसात आज नवीन आवृत्ती चढायची आहे.”

“चढू द्या की. सहीला काय लागतंय? दोन मिन्टं.”

पुन्हा दोन मिनिटंच. तिने डबा उचलला आणि ती जिना उतरली.

तिची कंपनी लहान, जेमतेम अकरा माणसांची. चार वर्षांपासून ती तिथे होती आणि रक्तपेढ्यांचं सॉफ्टवेअर बहुतांशी तिच्या हातचं होतं. कोणत्या पेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत हे त्यावर दिसायचं, पिशवीवरचं बारकोडच्या पट्ट्यांचं लेबलही त्यातूनच छापलं जायचं. नवीन आवृत्ती चढवायला माणूस लागत नसे. कोपऱ्यातला सर्व्हर दर सोमवारी सकाळी जुनं सगळं झाडून टाकायचा, कोड नव्याने बांधायचा आणि तयार सॉफ्टवेअर स्वतःच पेढ्यांकडे पाठवायचा.

ती पोचली तेव्हा ऑफिसात फोनांचा नुसता कल्ला होता. नवीन आवृत्ती गेली होती आणि उघडताच मरत होती. पडद्यावर एकच ओळ: फाइल किंवा असेंब्ली सापडली नाही. असेंब्ली म्हणजे तयार कोडचा एक गठ्ठा, सॉफ्टवेअर चालताना त्याला हाक मारतं. हाक मारली आणि गठ्ठा जागेवर नाही, म्हणून सगळं ठप्प. पेढ्यांमधली माणसं वह्या काढून एकमेकांना फोन लावत होती.

“जुनी आवृत्ती परत लावा की!” मालक देविदास सर ओरडले.

“लावली सर. सर्व्हर तीबी नव्यानंच बांधून राहिलाय, तिचंबी तेच,” सर्व्हर सांभाळणारा अमरेश म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. “अन् माझ्या मशिनवर बरोबर चालून राहिलं. तुमच्याबी मशिनवर चालतंय. मंग सर्व्हरलाच काय झालं?”

दहा ते बारा हे दोन तास कसे गेले ते कुणालाच कळलं नाही. सर्व्हर बंद करून चालू केला. साठवलेल्या फायली पुसल्या. कुणी म्हणालं व्हायरस, कुणी म्हणालं गेल्या आठवड्यातल्या अपडेटने घात केला. देगलूरच्या एका पेढीतून तिसऱ्यांदा फोन आला, बाळंतिणीसाठी बी निगेटिव्ह रक्त हवं होतं. जगदेवीने तो फोन स्वतः घेतला, पाठोपाठ चार पेढ्यांना फोन लावले आणि पिशवी मुखेडला आहे हे कळल्यावरच ती खुर्चीत टेकली. मधल्या वेळात श्रीशैलचे तीन मेसेज येऊन पडले होते. आप्पा विचारतायत. आप्पा रागावलेत. निदान हो तरी म्हण.

आता तिने तेच केलं जे सकाळपासून कुणी केलं नव्हतं. बांधणीची नोंद अगदी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली. सगळे शेवटच्या लाल ओळीवर डोकं आपटत होते, आणि वर शेकडो पिवळ्या सूचना होत्या ज्या दरवेळी येतात म्हणून कुणी बघत नाही. दोनशे ओळींनंतर तिचं बोट थांबलं. लेबल छापणाऱ्या गठ्ठ्याचा पत्ता मिळत नाही, असं सर्व्हर तिथे साळसूदपणे सांगून मोकळा झाला होता. पत्ता होता सर्व्हरवरच्या वापरकर्त्यांच्या जागेतला, जगदेवी नावाच्या फोल्डरमधला.

“अमरेश, माझं जुनं फोल्डर कुठंय?”

“शुक्रवारी उडवलं की मॅडम. तुमचं नाव बदललं, मंग जुनं खातं काढलं, नवीन शिवानी म्हणून केलं. जुन्या खात्यासंगट त्याचं फोल्डरबी जातंय.” बोलता बोलताच त्याचा चेहरा उतरला. “आयला.”

दोन वर्षांपूर्वी घाईच्या एका दुपारी तिने तो गठ्ठा ‘तात्पुरता’ म्हणून स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवला होता आणि तसाच राहू दिला होता. बाकीच्यांच्या मशिनवर जुन्या बांधणीतली एकेक प्रत पडून होती, म्हणून त्यांचं चालत होतं. सर्व्हर मात्र दर सोमवारी कोरी पाटी घेऊन बसायचा.

“चूक माझी आहे सर,” ती देविदास सरांना म्हणाली. “सगळ्यांची वस्तू मी माझ्या खोलीत ठेवली.” तिने आपल्या लॅपटॉपवरची प्रत काढली, प्रकल्पाच्या सामाईक जागेत ठेवली, पत्ता बदलला, बांधणी पुन्हा सुरू केली. अडीच वाजता पडदा हिरवा झाला. तीनपर्यंत पेढ्यांचे फोन थांबले आणि सरांनी सगळ्यांसाठी चहा मागवला.

असली चूक पुन्हा नको म्हणून ती कामाचा इतिहास तपासायला बसली. कुठली ओळ कुणी कधी लिहिली याची तिथे यादी असते. ती यादी खाली सरकवत गेली. चार वर्षांतल्या तिच्या प्रत्येक ओळीपुढे, नावाच्या जागी, ‘निष्क्रिय वापरकर्ता’ असं आलं होतं. आणि शिवानीच्या खात्यात आजची एकच नोंद होती.

“हे जोडता येत नाही का रे?”

“न्हाई मॅडम. सिस्टीमला तुम्ही दोन येगळ्या बाया वाटून राहिलात. एक गेली, एक आली.”

तिला रडू आलं नाही, राग आला. स्वतःचाच आला. शिरूरहून एसटीने लातूरला जाऊन-येऊन जिने बारावी केली, एक पोट्टी कंप्युटर काय शिकणार म्हणून हसणाऱ्या गावाला जिने गुणपत्रिका दाखवली, ती जगदेवी होती. तिला आपणच सही करून निष्क्रिय केलं, आणि तेही घरात शांतता राहावी म्हणून!

साडेतीन वाजता दारात शरणप्पा उभे राहिले. मागे उमाबाई, त्यांच्या मागे श्रीशैल. ऑफिसातल्या पोरांनी खुर्च्या दिल्या. शरणप्पांनी पिशवीतून फॉर्म काढला, टेबलावर ठेवला, खिशातलं पेन टोपण काढून पुढे केलं.

“हितं अन् हितं.”

जगदेवीने पेन घेतलं नाही.

“मामा, मी सही करणार नाही. ऑफिसातलंही नाव परत बदलून घेणार आहे.”

“काय?”

“माझं नाव जगदेवी आहे. तुम्ही घरात मायेनं शिवानी म्हणा, मी ओ देईन. पण कागदावर माझ्या बापानं ठेवलेलं नाव राहील.”

सगळं ऑफिस पडद्यांकडे बघायला लागलं. शरणप्पांचे कान लाल झाले. ते सुनेशी बोललेच नाहीत, लेकाकडे वळले. “आयकून राहिला का? घराण्यात आलेल्या सगळ्या बायांनी बदललं. हिलाच काय सोनं लागलंय? उमा, तूच सांग हिला. तुझं बदललं, तुझं काय बिघडलं?”

उमाबाई पदराचा काठ बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. श्रीशैलने “अव्वा?” म्हणून आईच्या खांद्याला हात लावला.

“लई बिघडलं,” त्या म्हणाल्या.

“आँ?”

“मी दहावी पास हाय, हिला ठावं न्हाई. तुमालाबी इसर पडला असंल. श्रीशैल पोटात होता तवा अंगणवाडीच्या बाईची जागा निघाली. माझा पयला नंबर होता. कागद तपासणारा सायब म्हणला, दाखल्यावर येक नाव, रेशनकार्डावर येक नाव, ही बाई कोण? तहसिलातनं लिहून आणा, आठ दिस देतो. मी तुमाला म्हणलं, चला. तुमी म्हणला, दुकान सोडून कोण जाणार, जाऊ दे.” पदराचा काठ त्यांनी बोटावरून सोडवला. “जागा दुसरीला गेली. ती परवा सेविका म्हणून रिटायर झाली. तिच्या निरोपाला मी हार घिऊन गेलते.”

शरणप्पांनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं. श्रीशैल आईकडे असा बघत होता, जणू कुणी अनोळखी बाई आत्ताच गाडीतून उतरली आहे.

मग त्याने पुढे होऊन फॉर्म उचलला, चार घड्या घातल्या आणि स्वतःच्या खिशात कोंबला. “आप्पा, चला. बस चुकंल,” तो म्हणाला. एवढ्याने त्याची आठ महिन्यांची मुखदुर्बळता धुऊन निघते असं नाही, पण सुरुवात कुठूनतरी व्हावी लागते.

जगदेवी सासूजवळ गुडघ्यांवर बसली. “आत्याबाई, दाखल्यावर काय नाव होतं तुमचं?”

उमाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “इचारा त्यास्नी.”

शरणप्पांनी तोंड उघडलं. छताकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव बापासकट ध्यानात ठेवणारा तो माणूस ओठ हलवत राहिला, पण नाव आठवेना. “काय होतं गं?” त्यांनी शेवटी विचारलं, फार हळू.

“महानंदा,” त्या म्हणाल्या. “पण आता त्या नावानं हाक मारू नगा. माझ्या ध्यानातच यायचं न्हाई, मला बोलवून राहिलात म्हणून.”

वाचकहो, आज घरी गेल्यावर तुमच्या आईचं, आजीचं, सासूचं लग्नाआधीचं नाव तुम्हाला येतं का ते आठवून बघा. येत नसेल तर त्यांनाच विचारा, आणि त्या सांगतील तेवढा वेळ समोर बसून राहा.