शिशाचा पडदा आणि केसांचा रबर

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. विमानतळावर आत शिरताना तुम्ही ज्याच्या पट्ट्यावर बॅग ठेवता आणि ती पलीकडून बाहेर येईपर्यंत जीव मुठीत धरून उभे राहता, तोच मी. संशय घेणे हा माझा धंदा आहे. मी शाम्पूच्या बाटलीवर संशय घेतला, खेळण्यातल्या पिस्तुलावर घेतला, एकदा तर मधाच्या बरणीवर घेतला आणि एका भल्या बाईला सगळी बॅग उपसायला लावली. त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात क्ष-किरण सोडणारी नळी बसवली गेली. ते किरण बाहेर सांडू नयेत म्हणून पोटाभोवती शिशाचे अस्तर आले आणि दोन्ही तोंडांना शिसे भरलेल्या जाड पट्ट्यांचे पडदे. ते लावणारा कारागीर प्रत्येक पट्टी ओढून बघायचा. "ह्या लोंबत राहिल्या पाहिजेत. बाकी काही बिघडलं तर चालेल," असे तो म्हणायचा. तेव्हा मला त्याचे बोलणे फुकटची बडबड वाटली.

कामाला लागलो आणि कळले की संशय घेणारा मी एकटाच नाही. लोक माझ्याकडे चोराकडे बघावे तसे बघत. "फोन बिघडणार नाही ना हो?" "लॅपटॉपमधलं सगळं पुसलं तर?" मित्रांनो, माझ्या किरणांनी आजवर एकही फोन बिघडला नाही, लॅपटॉप नाही, कॅमेऱ्याचे कार्डही नाही. जुन्या कॅमेऱ्याची न धुतलेली फिल्म असेल तर मात्र ती हातात काढून दाखवा. तिच्याबाबत मी स्वतःची हमी देत नाही.

माझ्या तोंडापाशी ट्रे लावायला एक ताई होती. तिला दिवस गेले होते. सासूबाईंनी तिला बजावले होते, "त्या मशीनपासून चार हात लांब राहा गं." ताईने ते मनावर घेतले, पण तिचा संशय भलतीकडेच गेला. प्रवासी ज्या चौकटीतून चालत जातात, तिचीच तिला धास्ती वाटे. ती चौकट बिचारी फक्त धातू शोधते, तिच्यात क्ष-किरण नावालाही नसतात. तरी ताई तिला वळसा घालून जायची, तेही पोटाशी प्लॅस्टिकचा रिकामा ट्रे धरून. मला हसू यायचे.

मग ते हसू जिरले. घड्याळ, पट्टा, किल्ल्या असे हलके ट्रे माझ्या जड पडद्याला टेकून अडकायचे. रांग कुरकुरायची, स्क्रीनसमोर बसलेले साहेब ओरडायचे. एके दिवशी ताईने मधल्या पट्ट्या गोळा केल्या, वर उचलल्या आणि आपल्या केसांचा रबर काढून घट्ट बांधून टाकल्या. ट्रे सुळसुळ जाऊ लागले. "हुशार आहेस," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून तेच सुरू झाले. चौकटीला घाबरणारी ताई माझ्या उघड्या तोंडापाशी स्टूल टाकून बसायची आणि कोपरापर्यंत हात आत घालून ट्रे ढकलायची. मला ओरडता येत नाही, मित्रांनो. मला फक्त चित्र काढता येते, आणि साहेब चित्रात फक्त बॅगा बघत होते.

एक आजोबा आले. त्यांच्या फोनमध्ये वारलेल्या आजींचा आवाज साठवलेला होता आणि तो फोन ते काही केल्या ट्रेमध्ये ठेवेनात.

"आधी तो जातो कुठं ते बघू दे," म्हणत ते चष्मा सावरून वाकले. "हे काय बांधलंय?"

"पडदा आहे, आजोबा. ट्रे अडकतात म्हणून," ताई म्हणाली.

"मग मुळात लावलाय कशाला?"

ताईने साहेबांकडे पाहिले. साहेब म्हणाले, "आजोबा, रांग अडलीय."

"अडू दे की. माझा फोन एकदाच आत जाणार आहे. ही पोरगी दिवसभर इथं बसते."

ताई स्टुलावरून उठली ती भिंतीपाशी जाऊन थांबली. साहेबांनी पट्टा बंद केला. किरण मोजायचा मीटर घेऊन तंत्रज्ञ आला. पट्ट्या लोंबत असताना त्याचा मीटर गप्प राहिला. बांधल्यावर आकडा वर सरकला.

"फार नाही," तो म्हणाला, "पण हे रोज चाललं होतं ना?"

"बाळाला काही झालं असेल का?"

"ते मी नाही सांगू शकत, ताई. आजच डॉक्टरांकडे जा."

त्याने रबर कात्रीने कापला आणि साहेबांना सांगितले, "ट्रे अडकला तर मागून जड बॅग लावायची. हात घालायचा नाही." आजोबांचा फोन सुखरूप बाहेर आला. त्यांनी तो कानाला लावला आणि डोळे मिटले. ताईचे स्टूल मात्र रिकामेच राहिले. तिचे पुढे काय झाले ते मला कुणी सांगितले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बॅगांवर संशय घेणारा मी, तेव्हापासून स्वतःच्या पोटावर घेऊ लागलो.

आता माझ्या जागी नवा स्कॅनर आला आहे. मला कोपऱ्यात ढकलले आहे. गर्दी झाली तरच कुणी माझी धूळ झटकते. अशाच एका गर्दीत ताई प्रवासी म्हणून आली, बोट धरून चालणारी मुलगी घेऊन. मुलीने आपला कापडी ससा ट्रेमध्ये झोपवला. तो हलका ट्रे माझ्या पडद्याला अडला. मुलीने लगेच हात पुढे केला.

ताईने तो झटकन मागे ओढला. "अडू दे त्याला," ती म्हणाली आणि आपली जड बॅग मागे लावली. ससा हळूहळू आत आला. मी त्याचे चित्र काढले. त्याच्यात कापसाशिवाय काही नव्हते, आणि पहिल्यांदाच मी कशावर संशय घेतला नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्यावर खुशाल संशय घ्या, पण वाकून, नीट बघून घ्या. थोडा उशीर झाला तर होऊ द्या. माझ्या पट्ट्या तेवढ्या लोंबत राहू द्या.