बहिरू ड्रायव्हरची टोळी

मला नवशिका म्हणलेलं खपत न्हाई, हे आधीच सांगून ठेवतो. डेपोत मी नव्या ड्रायव्हरांना गाडी शिकवलीय. डिंभ्याच्या धरणाच्या कडंकडंनं आहुप्याच्या घाटात एसटी घातलीय, तीबी ऐन धुक्यात. कंडक्टर देवाचं नाव घ्यायचा आणि मी शीळ घालायचो. आणि माझीच पोर, संस्कृती, घोडेगावच्या घरात मला कॉम्प्युटरपुढं बसवून म्हणते, "बाबा, तुमच्यासाठी नवशिक्यांची टोळी घेऊ."

म्हणलं, "नवशिका तुझा मामा!"

"मामाच यायला तयार होता. तुम्हीच त्याला नको म्हणालात."

ते खरं व्हतं. आता का नको म्हणालो, ते ऐका.

जुन्नरला एक सामना ठरला व्हता. खेळ कॉम्प्युटरवरचा, नाव मायाभूमी. त्यात राज्यं, किल्ले, राक्षस, आगीचे साप, काय न्हाई ते इचारा. एक चाल आपली, एक समोरच्याची, बुद्धिबळासारखं. पण सामन्याची गंमत अशी, की खेळायचं आई-बापानं. पोरानं टोळी निवडून द्यायची, शिकवायचं, मागं उभं राहून बोलायचं, पण माऊसला हात लावायचा न्हाई. जिंकणाऱ्या पोराला पुण्याच्या गेम बनवायच्या कोर्सला जागा. सगळ्या भागातनं एकच जागा. गेल्या वर्षी त्याच कोर्सला संस्कृतीचं नाव थोडक्यात हुकलं व्हतं. पोर ताट तसंच ठेवून उठायची. तिच्या आईला स्क्रीनकडं बघितलं की डोकं चढतं. राह्यला मी आणि तिचा मामा. नियम आई-बापाचा असला तरी एखाद्याच्या आई-बापाला जमत नसलं तर मामा चालत व्हता, म्हणून तो पुढं पुढं करत व्हता. म्हणलं, बाप अजून जिता हाय.

तर टोळी. पोरं त्याला फॅक्शन म्हणतात, मी टोळी म्हणतो. मला आगीच्या सापांची टोळी आवडली. पंख पसरले की निम्मा स्क्रीन लाल. संस्कृती म्हणाली, "ती अवघड आहे. पोट लई मोठं तिचं, सोनं पुरत नाही."

"घे म्हणतो ना!"

घेतली. माझे साप उपाशी मेले. समोर कुणी व्हतं का? न्हाई राव, समोर नुसता कॉम्प्युटर व्हता, तोबी सोप्यावर लावलेला.

मी माऊस आपटला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, नव्या ड्रायव्हरला पयल्याच दिवशी आहुप्याच्या घाटात गाडी देत होता का?"

माझंच बोलणं माझ्याच दारात आणून बांधलं. म्हणलं, "न्हाई. मंचर रोडला देत व्हतो, सरळ सपाट."

"मग मंचर रोड घ्या."

मंचर रोड म्हणजे माणसांचं राज्य. तिनं समजावलं तेव्हा मलाबी पटलं. ह्या टोळीत काही जादूटोणा न्हाई. शेती करा, लाकूड तोडा, तटबंदी बांधा, सैन्य उभं करा. चुकलं तरी सावरता येतं. समोरचा काय करतोय ते नीट दिसतं. सगळीकडं, जगभरात म्हणे, नव्या माणसाला हीच देतात. आमची शिकवणी सुरू झाली. शेती तर मी अशी केली की संस्कृतीनं कपाळाला हात लावला, म्हणाली एवढी कोठारं कुणी बांधत नाही. पण डाव निम्म्यावर आला की माझ्या भिंती पडायच्या. रोज पडायच्या. एकदा, दोनदा, मंग मोजायचं सोडून दिलं.

सामना जवळ आला आणि माझं डोकं फिरलं. म्हणलं, "तुझा मामाच ने. माझ्याच्यानं न्हाई व्हत."

दुसरी कुणी असती तर चिडली असती. तिनं आदल्या दिवसाचा अख्खा डाव परत चालवला आणि गालावर हात ठेवून सिनेमा बघावा तशी बघत बसली. मंग म्हणाली, "बाबा, तुम्ही झाडं का तोडत नाही?"

"कोण म्हणतं? तोडतो की."

"कडेची चार तोडलीत. ही मधली दाट झाडी आहे ना, तिथं लाकूडतोडे नेता आणि परत आणता. दर डावात. लाकूड नाही म्हणून भिंती नाहीत."

मी वाकून बघितलं. खरं व्हतं. देवाशपथ सांगतो, मला ठावंच नव्हतं. झाडीच्या मधोमध एक धोंडा काढलेला व्हता, शेवाळलेला. काढणाऱ्यानं नुसती शोभा म्हणून काढला असंल. मी बोट ठेवलं, म्हणलं, "अगं, हितं धोंडा हाय."

"मग?"

"मग काय? देवाची राई हाय ती."

आता तुमी हसाल. आमी आहुप्याची माणसं काय झाडाला हात लावत न्हाई असं न्हाई. राबाला, म्हणजे शेत भाजायला, फांद्या तोडतो, चुलीला लाकूड आणतो. पण देवराईतली वाळकी काटकीबी उचलायची न्हाई. ल्हानपणी मी शेरडं हाकायला तिथनं एक काटकी आणली, तर आमच्या आईनं मला अर्ध्या वाटेतनं कान धरून माघारी नेलं, काटकी व्हती तिथं ठेवायला लावली आणि वर नारळ फोडला. ते हातात बसलंय. डोकं विसरलं, हात विसरला न्हाई.

संस्कृती हसली न्हाई. तिच्या डोळ्यात एकदम काहीतरी पेटलं. तिनं मागं जाऊन टोळ्यांचं पान उघडलं आणि अगदी शेवटची टोळी काढली. वनराखे. हिरवी, अंगाला सालीसारखी कातडी. खाली लिहिलेलं, नवख्यांनी घेऊ नये.

"हिचं जेवढं झाड उभं, तेवढं दर चालीला बळ मिळतं," ती म्हणाली. "पण सुरुवातीला लई सोसावं लागतं. समोरचा किल्ले बांधत असतो आणि आपण नुसतं उभं. लोकांचा हात शिवशिवतो. झाड तोडलं तर चटकन सैन्य मिळतं ना. तोडतात आणि मग कायमचे अडकतात. म्हणून अवघड म्हणतात."

"अगं, ही तर घाटातली गाडी!"

"बाबा, तुमचा जन्मच घाटातला आहे."

सांगतो, त्या वाक्याला माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण गेलं असतं. जगानं ठरवलं हे सोपं, ते अवघड. माझ्या पोरीनं जगाचं ऐकलं न्हाई, बापाचा हात बघितला.

सामन्याला जुन्नरला गेलो. हॉल गच्च भरलेला. आळ्याचे, राजुरीचे, नारायणगावचे, सगळीकडचे आई-बाप खुर्च्यांवर अवघडून बसलेले आणि मागनं पोरं ओरडतायत, "आई, डावं बटण! डावं!" बहुतेकांकडं माणसांचं राज्यच व्हतं. आमची टोळी स्क्रीनवर आली तसा माईकवाला म्हणाला, "ओहो, काका, धाडस केलंत!" मी नुसता मिशीतनं हसलो. एकेक जोडी मागं पडत गेली आणि आमी शेवटच्या डावाला आलो.

समोर जुन्नरचेच महंमद हनीफ, फर्निचरवाले, आणि मागं त्यांची लेक आमिना. माणूस लई गोड. हात मिळवून म्हणाले, "बहिरूभाऊ, सांभाळून हां, आपला लाकडाचा धंदा आहे." आणि बसल्या बसल्या त्यांनी करवत चालवली. राज्यातली झाडी सपाट. दगडी तट, लाकडी मनोरे, भिंत फोडायची यंत्रं, अशी रांगच लावली. माझ्याकडं झाडं आणि झाडाखाली उभी चार हिरवी माणसं.

"हनीफभाई," मी म्हणलं, "हितंबी शोरूम काढलं काय?"

हॉल हसला. त्यांची यंत्रं निघाली, माझी कडेची दोन ठाणी पडली, तिसरं पडलं. मामा आलेलाच व्हता, पहिल्या रांगेतनं ओरडला, "अरं तोड की! राई तोड!" आणि खरंच, मधल्या राईवर माऊस नेला की खाली दिसत व्हतं, तोडलीत तर आत्ताच्या आत्ता केवढं सैन्य. सगळं वाचवायला पुरेसं.

तेव्हा माझ्या डोळ्यापुढं धोंडा नव्हता. पोरीचं न जेवलेलं ताट व्हतं. देवा, म्हणलं, नारळ फोडीन, पाच फोडीन. बोट बटणावर ठेवलं आणि मान वळवली.

"संस्कृती, तोडू का? तू म्हण फक्त. तोडतो."

तिचा चेहरा पांढराफटक पडला व्हता. जागा तिची जाणार व्हती, माझं काय जात व्हतं? पण आवाज हलला न्हाई. "नाय बाबा. तोडायची असती तर ही टोळी तुमच्या हातात दिलीच नसती. थांबा."

थांबलो. घाटात समोरनं ट्रक आला की थांबावं लागतं, रेस करून चालत न्हाई. चौथं ठाणं पडलं.

आणि हनीफभाईंचं एक यंत्र मोडलं. दुरुस्तीला लाकूड पाहिजे. त्यांनी आपल्या राज्यात बघितलं, तर बोडका माळ. दुसरं मोडलं. आमिना मागनं म्हणाली, "अब्बा, लकडी खतम!" आता लाकूड एकाच ठिकाणी उरलेलं, माझ्या राईत. हनीफभाईंनी सगळी फौज आत घातली. आणि राईतनं माझे वनराखे उठले. इतक्या चाली साठलेलं बळ, राव! एकेक गडी मनोऱ्याएवढा. मला काही करायलाच लागलं न्हाई, नुसतं बोट दाखवत गेलो. संस्कृती आता मागनं किंचाळत व्हती, "डावीकडं बाबा! डावीकडं!" आणि मीबी काय ओरडत व्हतो ते मला ठावं न्हाई.

हनीफभाईंनी माऊस ठेवला, उठून मला मिठी मारली. म्हणाले, "भाऊ, धंदा जिंदगीभर केला, पण झाड लावायचं राहून गेलं आपलं."

स्टेजवर बोलावलं. पुण्याच्या कोर्सच्या बाईंनी संस्कृतीच्या हातात माईक दिला. म्हणाल्या, "ही टोळी तर नवशिक्यांना आम्हीच देत नाही. मग सांग, नवशिक्यांसाठी सोपी टोळी कोणती?"

माझी पोर म्हणाली, "मॅडम, आधी नवशिका कुठल्या गावचा, ते सांगा."

टाळ्या अशा पडल्या की तिला दोनदा नाक पुसावं लागलं. बाई म्हणाल्या, "जागा तुझीच." एवढं ऐकलं आणि मी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मी कुणाच्या मयतीलाबी रडलेला माणूस न्हाई.

मंग माईक माझ्याकडं आला. "काका, आपली ओळख?"

बोलायला मला कधी शोधावं लागत न्हाई. डेपो, घाट, धुकं, सगळं जिभेवर तयार व्हतं. पण तोंडातनं निघालं ते दुसरंच.

"मी बहिरू. गाव आहुपे. नवशिका," म्हणलं, आणि संस्कृतीचा हात धरून वर केला. "आणि ही माझी मास्तरीण."

पहिल्या रांगेतनं मामा ओरडला, "नवशिका कोण रं?"

"मी!" मी माईकमधनं ओरडलो. "मी, मी!"