बदली येईपर्यंत

अपंग विद्यार्थ्यांना किती मदत लागते ते ठरवण्याचं काम मला मिळालं, त्यात माझी लायकी एवढीच की मी शिल्लक होतो. संप फसला, गिरणगावातली पोरं आईबापांमागून कोकणात गेली, वर्ग ओस पडले. सत्त्याऐंशी साली मला, म्हणजे चित्रकलेच्या मास्तराला, 'जादा' ठरवून दादरच्या एका खात्यात पाठवलं. तिथे सहा दिवसांचं प्रशिक्षण. साहेब शामराव. त्यांचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत मावायचं : "मूल उत्तर देतं, म्हणजे मदत नको. देत नाही, म्हणजे हवी." तिसरं वाक्य माझ्यासाठी होतं. "तुम्ही मध्ये डोकं घालू नका."

तीन अहवाल मंजूर झाले की मी कायम. दोन झाले होते. तिसरी होती लालबागची शेवंती. वय अकरा, इयत्ता चौथी, पाचव्या वर्षी तापात दोन्ही कान गेलेले.

चाळीतल्या मागच्या खोलीत तिच्या आजीनं, सुभद्राआजीनं, चहा पुढे केला. "बिस्कीट खावा, मास्तर. सरकारी माणूस उपाशी बरो दिसणा नाय."

आजीचं म्हणणं सरळ होतं. आतापर्यंत पोरगी वर्गात पहिल्या पाचात. जूनपासून पाचवीचा वर्ग रस्त्यापलीकडच्या इमारतीत. तिथे शेजारी बसून हातांनी समजावणारी बाई मिळाली नाही, तर शाळा तिला ठेवणार नाही.

"चौथीपर्यंत बाई लागली नाही, मग पाचवीतच का?"

"थंयसून गिरण दिसणा नाय," आजी म्हणाली.

हे मी लिहून घेतलं नाही. असल्या उत्तरांना फॉर्मवर रकाना नसतो.

चाचणी सोपी. मुलाला पाठमोरं बसवायचं, तीन पावलं मागे उभं राहून दहा प्रश्न विचारायचे. मी शेवंतीला खिडकीकडे तोंड करून बसवलं. समोर बंद गिरणीचं साचेखातं, जिथे पूर्वी माग चालत. फुटक्या काचांची रांग.

"नाव?"

"शेवंती गुणाजी परब." आवाज सपाट, पण शब्द स्वच्छ.

"सातात पाच मिळवले?"

"बारा."

मी पितळी ताट फरशीवर आपटलं. शेजारची दोन बिऱ्हाडं दारात आली. शेवंतीची पापणी लवली नाही. मग मी आवाजच काढला नाही, नुसते ओठ हलवले : माझ्या हातात काय आहे?

"चष्मा," ती म्हणाली. "काडीला दोरा बांधलाय."

दहापैकी दहा. म्हणजे मदत नको.

"हिला सांगतंय कोण?" मी आजीला विचारलं.

"बापूस." ती कप विसळत होती. "दुसरो कोण?"

गुणाजी साचेखात्यात होता. शेकडो मागांच्या खडखडाटात कान असून नसल्यासारखे. तिथली माणसं ओठ वाचायची, हातांनी बोलायची. संपात घरी बसून त्यानं तीच हातांची बोली पोरीला शिकवली. संपाच्या दुसऱ्या वर्षी काविळीनं गेला. 'गेला' हे आजीनं असं सांगितलं, जणू पाळीला गेला.

मी समोर पाहिलं. डावीकडून तिसरी खिडकी. आत अंधार, आणि अंधारात कोपरापर्यंत दोन हात. कापसाच्या तंतूंनी पांढरे झालेले. पुढच्या प्रश्नाची वाट पाहत थांबलेले.

फॉर्मवर रकाना होता : 'घरी मदतनीस आहे काय? असल्यास नाते व वेळ.' मी लिहिलं : वडील, पहिली पाळी. मदतनीस जिवंत असावा, अशी अट कुठेच नव्हती. खात्याला सुचली नसावी.

मी खिडकी लावून घेतली आणि पुन्हा दहा प्रश्न विचारले. शेवंती बंद फळ्यांकडे बघत राहिली. दहापैकी शून्य. पाचवीत हेच होणार होतं. शून्य लिहिलं, बाईची शिफारस केली, सही ठोकली.

खिडकी उघडली, तर हात घाईनं हलत होते. एकच खूण, पुन्हा पुन्हा : डावा तळवा काढून त्या जागी उजवा.

"काय म्हणतो?"

"बदली इलो काय, विचारता." आजीनं पदर सारखा केला. "दुसरो माणूस इल्याशिवाय साचो सोडूचो नाय, असो तेंचो नेम. चार वर्सां उभो आसा, मास्तर. काय सांगू तेका?"

शेवंती माझ्याकडे वळली, माझ्या हातांकडे बघत. खातं बाई किती वर्षांनी देतं, ते मला माहीत होतं. तरी हजेरीला पोरं करतात तसा मी हात वर केला.

पलीकडच्या हातांनी अंगावरचे तंतू सावकाश झटकले. मग ते आत गेले.

मी कायम झालो. शिफारस मंजूर झाली, बाईची जागा दिवाळी आली तरी रिकामी आहे. जूनपासून रोज सकाळी पाचवीच्या वर्गात शेवंतीच्या बाकाशेजारी मी उभा असतो. "कोणाच्या हुकमानं?" असं शामरावांनी लेखी विचारलंय. उत्तर दिलेलं नाही.

हातांची बोली मला कुणी शिकवली नाही. गुरुजींनी तोंड उघडलं की माझी बोटं आपली आपण सुरू होतात. काल शाळा सुटली, वर्ग रिकामा झाला, तरी थांबेनात. मी ती काखेत दाबून धरली.

शेवंती दप्तर आवरत होती. "सर, उगाच दाबून धरू नका," ती म्हणाली. "बदली कुठे आलीय अजून?"