इस्त्रीचं पाणी

ती गेल्याचं मला कळलं त्या सकाळी इस्त्री टेबलावर उभी होती, पाणी भरून तयार. दोऱ्याचं रीळ संपलं म्हणून ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. जाताना दारातूनच म्हणाली, "इस्त्रीला हात लावू नका हं. आल्यावर मी करते." थोड्या वेळाने दुकानदाराचा फोन आला. नीट काही सांगेना, नुसतं लवकर या, लवकर या म्हणत होता. मी तसाच घरच्या चपलांत गेलो. तिला खुर्चीवर बसवलेलं होतं. शेजारच्या दवाखान्यातले डॉक्टर तिच्याकडे नाही, रस्त्याकडे बघत उभे होते, माझी वाट बघत. त्यावरून मी काय ते समजलो. रीळ तिच्या मुठीत होतं.

इस्त्रीला हात लावू नका, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आलो. मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत बॉयलर सांभाळायचो. माझं सगळं आयुष्य वाफेवर गेलं, आणि घरातली एवढीशी वाफ ती माझ्या हाती द्यायला तयार नसायची. "हा तुमचा बॉयलर नाही," म्हणायची. मी आपला खुर्चीत बसून सूचना करायचो. पाणी साठवून ठेवू नये, तळाशी गाळ बसतो, पाण्यातले क्षार आत जाण्याआधीच काढावेत, एकदा पत्र्यावर थर बसला की सुटता सुटत नाही. ती मान डोलवायची आणि रेडिओ मोठा करायची.

ती घरी कपडे दुरुस्त करून द्यायची. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं. आठवडाभर शिवायची आणि एक दिवस सगळ्या कपड्यांना एकदम इस्त्री करायची. बिनइस्त्रीचा कपडा तिने कधी कुणाला दिला नाही. कुणी घाईत आलं, असाच द्या म्हणालं, तरी नाही. त्याला बसवायची, चहा द्यायची आणि इस्त्री करूनच पाठवायची. बिनइस्त्रीचा कपडा देणं म्हणजे तोंड न धुता दार उघडणं, असं तिचं मत होतं.

त्या दिवशीचा ढीग तसाच शिवणयंत्राशेजारी राहिला. बेकरीवाल्याची पँट, औषधाच्या दुकानातल्या मुलीचा कोट, शाळेतल्या बाईंचा पांढरा शर्ट आणि आणखी काही. सगळं शिवून झालेलं, फक्त इस्त्री बाकी. आणि सगळ्यांत खाली माझी तपकिरी पँट. नवी घेतलेली, लांब होत होती, म्हणून तिने मला स्टुलावर उभं करून पायांशी टाचण्या लावल्या होत्या. ती पँट किती तरी दिवस ढिगाच्या तळाशीच होती. वरचे कपडे जात, नवे येत, माझी तिथेच. विचारलं की म्हणायची, "घरच्या गिऱ्हाइकाला कसली घाई?"

लोक चांगले. कुणी कपडे मागितले नाहीत. बेकरीवाला पाव घेऊन आला, बसला, ढिगाकडे एकदा बघितलं आणि उठून गेला. बाई रस्त्यात भेटल्या, तब्येतीचं विचारलं, शर्टाचं नाही. मलाच ते जिवाला लागलं. मी ठरवलं की तिच्या हातचा एकही कपडा या घरातून चुरगळलेला जाणार नाही. इस्त्री मी करणार.

एकदम लोकांच्या कपड्यांना हात घालायचं धाडस नव्हतं. आधी उशांचे अभ्रे केले, मग माझे शर्ट, मग टॉवेलसुद्धा. काही आठवडे रोज. हात बसला असं वाटल्यावर बाईंचा पांढरा शर्ट घेतला. कॉलर झाली, पाठ झाली. खिशावर आलो आणि इस्त्री घशात काही अडकल्यासारखी खोकली. तळाच्या भोकांतून तपकिरी पाणी आलं आणि त्याबरोबर पांढरे पापुद्रे, अंड्याच्या कवचासारखे. खिशावर मोठा डाग पडला.

लेक दुसऱ्या गावी असते. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, बाबा, फार जुनी झाली ती, फेकून द्या, मी नवी पाठवते. मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर इस्त्रीकडे बघत बसलो. क्षार ओळखायला मला कुणी शिकवायला नको होतं. पण लाँड्रीत असला थर मी ज्या औषधाने काढायचो ते पिंपात यायचं, आणि हातमोजे घातल्याशिवाय त्याच्या जवळ जायचं नसे. घरात त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे संडास धुवायचं ॲसिड. मी ती बाटली आणली, इस्त्री बादलीवर धरली, आणि तेवढ्यात मेहुणी आली.

मेहुणी पलीकडच्या इमारतीत राहते. दुपारी डबा घेऊन येते आणि डब्यापेक्षा जास्त बोलणी देते. दारातूनच म्हणाली, "भावोजी, इस्त्री धुताय की तिचा जीव घेताय?"

मी बॉयलरचं सांगू लागलो. तिने आधी बाटली काढून घेतली, मग विचारलं की इस्त्रीत पाणी कुठलं घालत होतात. मी म्हटलं, नळाचं, दुसरं कुठलं असणार? आणि खिडकीत निळ्या झाकणाच्या बाटल्या होत्या, त्यांतलं? तिने विचारलं. ते मी झाडांना घातलं होतं. बायकोने झाडांसाठीच भरून ठेवलंय असं मला वाटलं. अगदी जपून, रोज थोडं थोडं, सगळ्या बाटल्या संपेपर्यंत.

मेहुणी स्टुलावर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

"अहो, ते इस्त्रीचं पाणी होतं. उकळायची, गार करायची, कपड्यातून गाळायची, मग बाटलीत भरायची. आणि काम झालं की इस्त्री रिकामी करून ठेवायची. आम्ही चेष्टा करायचो तिची. तर म्हणायची, आमच्याकडे पाण्याला आधी सरळ करतात, मग कामाला लावतात."

ते वाक्य माझं होतं. लाँड्रीत नवा माणूस आला की मी त्याला पहिलं तेच सांगायचो.

"मग मला कधी बोलली नाही ती?"

"कशाला बोलेल? वर्षभर ऐकवलं असतंत तुम्ही तिला."

ऐकवलं असतं. खरंच आहे ते.

आम्ही दोघांनी मग इस्त्री साफ केली. तिच्या सूचना आणि माझे हात, म्हणजे पूर्वीच्या बरोबर उलट. इस्त्रीबरोबर आलेला कागद मेहुणीने ड्रॉवरमधून शोधून काढला. त्यात व्हिनेगर चालतं असं लिहिलं होतं, तेव्हा कुठे तिने घालू दिलं. पांढरं व्हिनेगर आणि तेवढंच उकळून गार केलेलं पाणी टाकीत भरलं. इस्त्री तापवली, बंद केली, वायर काढली आणि तशीच ठेवून जेवून घेतलं. जेवणात तिने मला मीठ कमी खायला सांगितलं, केस कापायला सांगितले, आणि तिची बहीण माझ्यामागे मला काय काय म्हणायची तेही सांगितलं. त्यातलं निम्मं मी इथे लिहू शकत नाही.

मग खिडक्या उघडून इस्त्री पुन्हा तापवली आणि बादलीवर आडवी धरून वाफेचं बटण दाबत राहिलो. आधी नुसती फुसफुस. मग एका भोकातून गढूळ पिचकारी, मग दुसऱ्या. पापुद्रे पडत होते आणि आंबट वासाने डोळे झोंबत होते. मेहुणी म्हणाली, हळू, एवढा जोर नको, बॉयलर नाही तो. बोलून गेली आणि तिने बादली उगाच सरकवली. मी बटण हळू दाबू लागलो.

इस्त्री गार झाल्यावर भोकांच्या कडा कापूस लावलेल्या काडीने पुसल्या. सुईने टोकरायला मी गेलो होतो, हातावर चापट बसली. मग दोन वेळा नुसतं चांगलं पाणी भरून वाफ सोडली, वास जाईपर्यंत. शेवटी जुन्या टॉवेलवरून फिरवून बघितली. टॉवेल स्वच्छ राहिला. वाफ सगळ्या भोकांतून एकसारखी येत होती.

बाईंच्या शर्टाचा डाग मेहुणीने तिथेच धुऊन काढला. शर्ट वाळल्यावर मी इस्त्री केली. मग एकेक करत सगळा ढीग. लोक येऊन आपापले कपडे घेऊन गेले. बेकरीवाल्याने पँट हातात घेतली, घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, वहिनींसारखीच झालीये. तशी झाली नव्हती. पण चुरगळलेलीही नव्हती.

आता खिडकीत निळ्या झाकणाच्या बाटल्या पुन्हा भरलेल्या असतात. झाडांना नळाचं पाणी. काम झालं की इस्त्री बेसिनवर उलटी करून रिकामी करतो.

ढीग संपला. तपकिरी पँट तेवढी शिवणयंत्राशेजारी आहे, खालीही तीच आणि वरही तीच. मेहुणी म्हणाली, द्या, मी शिवते. लेक म्हणाली, बाहेर शिवायला टाका. मी दोघींना म्हटलं, कसली घाई.

टाचण्या अजून तशाच आहेत. दुमड शिवायची राहिली आहे.