पोटुशीला वाढणारा डाव

मी डाव बोलतोय. पत्त्यांचा नव्हे, भाजी वाढायचा. शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही, तेव्हा गोडगोड बोलणं जमायचं नाही.

भांडी घडवणाऱ्यानं मला ठोकून ठोकून आकार दिला आणि एका बाईंनी घासाघीस करून विकत घेतलं. पुढे त्या सासूबाई झाल्या. घरात त्या, त्यांचा लेक आणि सून. लेक गाड्या रंगवायचा आणि घरी आला की विड्या फुंकायचा. सून इस्त्रीच्या दुकानात दिवसभर उभी.

सुनेला दिवस गेले आणि सासूबाईंनी हात आखडला. लेकाला मी शिगोशीग भरून जायचो, सुनेच्या ताटात अर्धामुर्धा. "जास्त खाल्लंस तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपणात अडशील," म्हणायच्या. दुष्ट नव्हत्या हो. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल अडूनच गेलं होतं. पण म्हणून पोटुशीला उपाशी ठेवायचं? माणसांना अक्कल असती तर भांड्यांना बोलावं लागलं नसतं.

नऊ महिने पुरते भरले आणि नात जन्मली, जेमतेम दोन किलोची. दूध ओढायलाही जोर नाही. सगळं घर धास्तावलं. पोर तगली हे नशीब.

पुढे काही वर्षांनी सुनेला पुन्हा दिवस गेले, तेव्हा नर्सबाई घरी आल्या. सुनेच्या पापण्या खाली ओढून बघितल्या.

"रक्त कमी आहे. गोळ्या दिल्या होत्या त्या कुठायत?"

"फडताळात," सून म्हणाली.

"फडताळाला दिवस गेलेत का?"

सासूबाईसुद्धा हसल्या. मग नर्सबाईंनी समजावलं. आई अर्धपोटी, अंगात रक्त नाही, दिवसभर उभं काम, वर विडीचा धूर. मग दिवस भरूनही बाळ हलकंच निपजतं. लेकाला म्हणाल्या, "विडी सोडा. सुटेपर्यंत निदान घरात नको."

"आणि ही अडली तर?" सासूबाईंनी विचारलं.

"आजी, त्यासाठी दवाखाना आहे. उपास हा त्यावर इलाज नाही."

त्या दिवशी सासूबाईंनी आधी सुनेला वाढलं, मला काठोकाठ भरून. सुनेनं ताट मागे ओढलं.

"नको आई. मला भीती वाटते."

"मलाही वाटते. खा तू."

आणि शेजारीच बसून राहिल्या, ताट रिकामं होईपर्यंत. लेकानं इस्त्रीच्या दुकानात जाऊन सुनेसाठी स्टूल मागून घेतलं. विडी मात्र शिव्या देत देत सुटली.

सून दवाखान्यात सुखरूप सुटली. पोरगा तीन किलोचा. रडला तो असा की सासूबाई म्हणाल्या, "गप रे, कळलं, जेवून आलायस!"

आता माझा दांडा खिळखिळा झालाय. परवा लेक म्हणाला, "मोडीत घालू या." सासूबाई कडाडल्या, "आधी तू जा मोडीत!"

मी या घराचा आभारी आहे. नर्सबाईंचाही, त्यांनी कुणाला न हिणवता शिकवलं. आणि म्हातारीचा जास्त. एवढी भीती उरात धरून भरल्या हातानं वाढणं सोपं नसतं. तुमच्या घरी कुणी पोटुशी असेल, तर आधी तिला वाढा. आणि ती खाईपर्यंत जवळ बसा.